आठव्या बापापाशी फुटलेली वाट

सुरगुत, २१ सप्टेंबर २००३

बेगिमाय,

तुझं पत्र काल ट्रकवाल्यानं दिलं. त्यानं ते कांद्याच्या पोत्यांत खुपसून आणलेलं, त्यामुळे तुझी सगळी खुशाली कांद्याच्या वासाची आहे. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच, उगाच काही समजू नकोस.

आता वाईट बातमी. आमचा गिलाव्याचा ठेकेदार पळाला. सगळी इमारत आमच्याकडून लिंपून घेतली आणि शेवटच्या आठवड्यात गाडीत बसून गेला तो गेलाच. आम्ही हातात थापी घेऊन दारात उभे. म्हणजे तुझ्या शाळेची या वर्षाची फी माझ्याकडून येत नाही. हे लिहायला मला तीन चहा लागले.

मी आता कलिंगडाच्या गाडीवर आहे. तू म्हणशील, आके, थोरले भाऊ असून तुम्ही एका जागी टिकत का नाही. अगं, जागाच माझ्याखाली टिकत नाही.

पण एक माणूस आहे. ओर्मोन अबा. सुक्या मेव्याची आणि कांद्याची एवढी मोठी वखार आहे त्यांची की आत ट्रक वळतो. तुझं पत्र आणलं तो ट्रकही त्यांचाच. या परक्या देशात आलेले, पण आपल्याच नदीकाठचे आहेत आणि पोरांच्या शिक्षणाला मदत करतात म्हणे. मला त्यांच्यासमोर बोलता येईल असं वाटत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मी शाळेसाठी काय मागू? कसं बोलायचं ते तू सांग.

तुझा आके,
एलामान

*

ओश, ५ ऑक्टोबर

एलामान आके,

तुम्ही ठेकेदाराचं लिहिलंत ते मी आपाला कळवलेलं नाही, आईचं मन आहे, झोपणार नाही. पहिल्या वर्षासाठी तिनं दोन्ही गाई विकल्या. आता विकायला तिच्याकडे फक्त कुत्रा उरलाय आणि तो कोणी फुकटही नेणार नाही.

इथलं खरं सांगते. मोठ्या मॅडमनी फी न भरलेल्यांना शेवटच्या बाकावर बसवलंय. प्रयोगशाळेत आम्ही फक्त बघायचं, परीक्षानळीला हात लावायचा नाही. फुटली तर भरून कोण देणार, असं त्या म्हणतात. नववर्षाच्या सुट्टीत घरी जा, येताना फी घेऊन या, नाहीतर येऊ नका, असंही सांगून झालंय. घरी गेले की काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या वर्गातल्या दोघी उन्हाळ्यात गावी गेल्या त्या डोक्याला लग्नाचा रुमाल बांधून तिथेच राहिल्या. एकीला तर रस्त्यातून उचलून नेलं आणि तिच्याच आजीनं तिला म्हटलं, आता बस तिथेच. मला औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहायचंय, आके. रुमाल नको.

ओर्मोन अबांकडे जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, रोट्या न्या. बसवतील तिथे बसा, दाराजवळ बसवलं तरी वाईट वाटून घेऊ नका. गयावया करू नका. नातं सांगा. परक्याकडे मागणं ही भीक, भाऊबंदाकडे मागणं हा हक्क. नदी एक आहे म्हणजे कुठेतरी रक्तही एक निघेल. आणि मध्येच उठून चालू लागू नका, तुमची ती सवय आहे.

तुमची बेगिमाय

*

सुरगुत, २६ ऑक्टोबर

बेगिमाय,

झालं काम! आधी हे लिहितो, मग बाकीचं.

रविवारी गेलो. तंदूरवाल्या गुलसून एजेनं ताज्या रोट्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. वर म्हणाली, त्या घरात तोंड उघडायच्या आधी दोनदा गिळ. या बाईला सगळ्यांत खोट दिसते.

मला दाराजवळ नाही, चांगलं वर बसवलं. अबांच्या बायकोनं चहा ओतला. त्यांचा मुलगा नुर्दिन कोपऱ्यात बसून अक्रोड फोडत होता. पस्तिशीचा असेल, बोलतच नाही. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही, असं वखारीतली पोरं म्हणतात. मी तू शिकवलंस तसं नात्याचं बोललो. अबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, मग सात बाप सांग.

तुला माहीत आहे, सात पिढ्यांचे बाप माहीत नसलेला माणूस गुलाम. मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पण सांगितले, एका दमात, सातच्या सात. ते म्हणाले, आठवा? आठवा मला येत नव्हता. तेव्हा त्यांनीच सांगितला. बायिश. तोच त्यांचाही मूळपुरुष. म्हणाले, "तुमची आमची वाट आठव्या बापापाशी फुटते. चांगलं झालं."

मला वाटलं, संपलं. सातच्या आत असतो तर भाऊबंद, आठवा म्हणजे परकाच की. मी टोपी उचलली होती, खरंच. तर ते हसून म्हणाले, बस रे. मुलीची फी आम्ही भरू. तुझ्या हातात द्यायला नको, शाळेत परस्पर जाईल.

मग बायकोनं तुझ्याबद्दल विचारलं. कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्म, उंची किती, कणीक मळते का. मी म्हटलं, सशाच्या वर्षातली आहे आणि डोकं मात्र कोल्ह्याचं. सगळे हसले. नुर्दिनसुद्धा. तुझा पांढऱ्या फितीतला फोटो त्यांनी ठेवून घेतला.

आता पुढच्या बाकावर बस. आणि परीक्षानळ्या फोड चार-दोन.

एलामान

*

ओश, १६ नोव्हेंबर

एलामान आके,

फी आली. या वर्षाचीच नाही, पुढच्या वर्षाचीही. मला खिडकीजवळचा बाक मिळाला. मोठ्या मॅडम मला आता 'बाळ' म्हणतात. ते ऐकून मला थंडी वाजते.

गेल्या शनिवारी त्या बाई आल्या, अबांची बायको, इकडच्या त्यांच्या घरी उतरल्यात म्हणे. मॅडमच्या खोलीत बसून चहा प्यायल्या. मला बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दात बघून हसल्या. मेंढी घेताना बघतात तसं. मग पिशवीतून कानातलं काढलं, सोन्याचं, नवं. म्हणाल्या, घालते. मी म्हटलं, शाळेत दागिने चालत नाहीत. मॅडम म्हणाल्या, अशा पाहुण्यांसाठी चालतं. मग मी खोटं बोलले की कान पिकलाय, पू येतोय. बाईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, बरा होऊ दे, मार्चमधल्या नव्रूझच्या सणाला घालू.

आके, होणारी सासू पोरीच्या कानात कानातलं घालते, ते कशासाठी, हे तुम्हाला खरंच माहीत नाही का?

आणि शाळेत माझा पालक आता ओर्मोन आहे. आपाचं नाव खोडलंय. सुट्टीत मला कोण घेऊन जाणार, ते तेच ठरवणार.

'आठव्या बापापाशी वाट फुटते, चांगलं झालं' याचा अर्थ मी चार रात्री उलटसुलट करून बघतेय. मदत करायची तर सातच्या आत असणं चांगलं. आठ कोणाला चांगलं वाटतं? ज्याला मुलगी न्यायची आहे त्याला. सातच्या आतली मुलगी बहीण लागते, आठव्यावरची नवरी होऊ शकते.

तुम्ही कोणते सात सांगितलेत? त्याच क्रमानं लिहा.

बेगिमाय

*

सुरगुत, ३० नोव्हेंबर

बेगिमाय,

तू फार शिकलीस म्हणून तुला प्रत्येक झुडपामागे लांडगा दिसतो. माणसानं दोन वर्षांची फी भरली आणि तू त्याच्या बायकोत खोट काढतेस. म्हाताऱ्या बायका दातच बघतात, त्यांचे स्वतःचे उरलेले नसतात.

मी आता त्यांच्याच वखारीत आहे. ऊब आहे, जेवण आहे. पासपोर्ट अबांनी त्यांच्या तिजोरीत ठेवलाय, इथे चोऱ्या होतात म्हणून. नुर्दिनबरोबर पोती उचलतो. परवा त्यानं पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं. विचारलं, तुझ्या बहिणीला अंधाराची भीती वाटते का? मी म्हटलं, तिला कशाचीच वाटत नाही. तो म्हणाला, वाटेल. मस्करी करत असेल. त्याची मस्करी कळत नाही.

हे घे तुझे सात: ताश्तान, जुमाश, कालिक, सादिक, एर्केबाय, बोरोन, तिलेक. झाले? आपले वडील ताश्तान असल्यापासून हेच आहेत. यात काय चूक काढशील?

एलामान

*

ओश, १४ डिसेंबर

एलामान आके,

चूक आहे. तुम्ही एक बाप जास्त सांगितलात.

आपले आजोबा जुमाश म्हणजे कालिकचा मुलगा. कालिकचा थोरला भाऊ सादिक, त्याला मूल नव्हतं. म्हणून कालिकनं जुमाशला पाळण्यातूनच भावाला देऊन टाकलं, सगळे देतात तसं. जुमाश सादिकच्या घरी वाढले, त्यालाच बाबा म्हणाले. तुम्ही लहानपणी 'सादिकबाबा' हे नाव इतकं ऐकलंत की तोही रांगेत बसवलात. पण सादिक कालिकचा बाप नव्हे, भाऊ. दोघेही एर्केबायचे.

सादिकला काढा. मग तिलेक सहावा आणि बायिश सातवा. वाट सातव्यापाशी फुटते, आके. ते आपले रक्ताचे आहेत. मी त्यांच्या घरची नवरी होऊ शकत नाही. कोणी मुल्ला, कोणी म्हातारा असल्या लग्नाला दुवेचे हात वर करणार नाही.

तुम्ही त्यांच्यासमोर जाऊन हे सांगा. चार म्हाताऱ्यांसमोर सांगा, म्हणजे त्यांना न ऐकल्यासारखं करता येणार नाही. तुम्हाला लाज वाटेल हे मला कळतं. गुलाम म्हणतील, हसतील. मी तुमच्याकडे शाळा मागितली होती, आता हे मागते.

नव्रूझच्या आधी.

बेगिमाय

*

सुरगुत, २२ फेब्रुवारी २००४

बेगिमाय,

दोन महिने मी लिहिलं नाही कारण दोन महिने मी भित्रा होतो. रोज ठरवायचो, आज सांगतो, आणि रोज पोती उचलायचो. तेवढ्यात वखारीत लग्नाची मिठाई आली, खोक्यावर खोकी. मग राहवलं नाही.

शुक्रवारच्या नमाजानंतर अबांकडे म्हातारे जेवायला होते. मी हात धुवायचं पाणी घेऊन फिरत होतो. तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, अबा, मी बाप चुकलो. सगळे वळले. सादिक आणि कालिकचं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, घोड्यालासुद्धा आपली आई कळते रे. दुसरा म्हणाला, याला मोजायला शिकवा, आधी पोत्यांपासून. हसले खूप. नुर्दिन हसला नाही, उठून बाहेर गेला आणि अंगणातली बादली लाथेनं उडवल्याचा आवाज आला.

अबांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. बोटं मोजली. मग परत पहिल्यापासून मोजली. शेवटी त्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाले, "अल्लानं पापातून वाचवलं. ती माझी पुतणी आहे."

बेगिमाय, सुटलो! मी तिथेच त्यांचा हात धरून डोळ्यांना लावला. त्यांनी मला जवळ बसवून स्वतःच्या हातानं मांस भरवलं. म्हणाले, फी चालूच राहील, आता तर हक्कानं. मला मुलगी नव्हती, आता झाली. नव्रूझला बायको तिला सुट्टीसाठी आमच्या तिकडच्या घरी आणेल, पालक मीच आहे. कारा-सूच्या गिरणीमालकाची ओळख करून देऊ, मोठा माणूस आहे, बिचाऱ्याची बायको गेल्या वर्षी गेली, केव्हापासून आपल्या घराशी नातं जोडायचं म्हणतोय, पण घरात द्यायला मुलगी कुठे होती.

म्हणजे ओळखीही चांगल्या होतील तुझ्या. गिरणीमालकाच्या ओळखीनं पुढे औषधांचं दुकानसुद्धा निघेल.

एक सांगायचं राहिलं. वखारीत येणारी पत्रं मला आधी उघडल्यासारखी वाटतात. पुढचं पत्र पोस्टानं पाठव, गुलसून एजेच्या बेकरीच्या पत्त्यावर.

एलामान

*

ओश, ९ मार्च

एलामान आके,

तुम्ही तुमचंच पत्र पुन्हा वाचा. 'घरात द्यायला मुलगी कुठे होती' इथपर्यंत या आणि थांबा.

मुलासाठी नेता येत नाही म्हणून ते मला सोडणार होते, असं आपण दोघांनीही मानलं. चूक तुमची एकट्याची नाही, तुम्हाला सांगायला मी लावलं. परकी होते तेव्हा त्यांना मला मागावं तरी लागलं असतं. आता मी घरातली आहे. घरातली मुलगी देताना कोण कोणाला विचारतं?

काल मॅडमनी मला नवा ड्रेस दाखवला, अबांच्या बायकोनं पाठवलेला. पांढरा. पण कोट नव्हे. १९ तारखेला गाडी येणार आहे.

मी त्याआधी जाते. रसायनशास्त्राच्या बाईंनी एक ठिकाण सांगितलंय, त्यांनी मला काहीही विचारलं नाही, फक्त स्वतःचे लोकरी मोजे दिले. हे पत्रही त्या स्वतः पोस्टात टाकतील. भरलेली फी शाळेत राहिली. त्या पैशांत मॅडमनी बाक विकत घ्यावेत.

कुठे जाते ते तुम्हाला लिहीत नाही. आपालाही सांगितलं नाही. अबा तुमच्याकडे येतील आणि विचारतील. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. माहीतच नसलं तर खोटं बोलावं लागणार नाही. तुमच्यासाठी मला एवढंच करता आलं.

मला शोधू नका.

बेगिमाय

*

सुरगुत, ११ एप्रिल

बेगिमाय,

हे पत्र गुलसून एजेबरोबर पाठवतोय. तिच्या लेकीला मूल होणार आहे म्हणून ती ओशला निघाली आहे. तुझ्या रसायनशास्त्राच्या बाईंना गाठून देईल. त्या तुला पोचवतील की नाही, मला माहीत नाही.

आले विचारायला. अबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला समोर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, मुलगी कुठे आहे. मी म्हटलं, माहीत नाही. माझे कान बघितले त्यांनी. मग म्हणाले, खरं बोलतोस. गिरणीवाल्याबरोबर रोटी मोडून झाली आहे, शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द रिकाम्या हातानं परत येत नसतो. तुला कळेल तेव्हा मला सांगशील. घाई नाही.

तेव्हापासून मला बढती मिळाली. पोती उचलत नाही, दारावर बसतो. माझ्या शेजारी नुर्दिन बसतो. मी पाणी प्यायला उठलो की तोही उठतो. पासपोर्ट मागितला तर म्हणतात, जायचं कुठे आहे तुला?

मी तुला कुठे आहेस ते विचारत नाही. सांगूसुद्धा नकोस, मी गावी परत आलो तरी लगेच सांगू नकोस. पण एक गोष्ट डोक्यात भुंग्यासारखी फिरते, मला दारावर बसवत नाही. मी हे सगळं केलं ते तुझ्या शाळेसाठी. आहेस तिथे शाळा आहे का? एवढंच. गावाचं नाव नको, बाईंचं नाव नको. आहे किंवा नाही, एक शब्द. बेकरीच्या पत्त्यावर पाठव, वखारीच्या नको.

मग मी पुन्हा काही मागणार नाही.

एलामान

*

एलामान आके,

आहे. रसायनशास्त्रही आहे.

*

सुरगुत, १६ मे

बेगिमाय,

तुझं उत्तर मिळालं. पोत्यांच्या मागे जाऊन वाचलं. पाचच शब्द, त्यांतले दोन माझंच नाव. मी ते इतके वेळा वाचले की कागद घडीवर फाटला. मला एकदम तू दिसलीस, बाह्या वर केलेली, हातात नळी धरलेली आणि मागे कोणीतरी ओरडतंय, हळू धर. खूप हसलो. हसून झाल्यावर विचार आला की हे माझ्यापर्यंत आलं कोणाच्या हातून.

गुलसून एजे अजून ओशहून परतलेली नाही. लेकीला मुलगा झाला, ती तिथेच राहिली. बेकरी महिनाभर बंद आहे. बंद बेकरीत आलेलं पत्र कोण घेणार, हे मला तुला पत्ता देताना सुचायला हवं होतं. मी फक्त शाळेचा विचार करत होतो.

पाकीट नुर्दिननं आणून दिलं. दिलं म्हणजे, मी जेवत होतो तेव्हा ताटाजवळ ठेवलं आणि माझं जेवण होईपर्यंत समोर उभा राहिला. पाकीट पुन्हा चिकटवलेलं होतं. ज्या कोपऱ्यावर तिकीट लावतात आणि पोस्टवाले गावाचा शिक्का मारतात, तो कोपरा नव्हता. फाटलेला नाही. कात्रीनं कापून घेतलेला, अगदी सरळ. मी विचारलं, कोपरा कुठे आहे? तो म्हणाला, "मी तिकिटं जमवतो."

ही परवाची गोष्ट. आज सकाळी त्यांचा एक ट्रक दक्षिणेला, आपल्याकडे निघाला. रिकामा. आत पोतं नाही, खोकं नाही, फक्त एक गालिचा अंथरलेला. नुर्दिन ड्रायव्हरशेजारी बसला होता. माझ्या शेजारची खुर्ची पहिल्यांदाच मोकळी आहे. आता माझ्यावर लक्ष ठेवायची कोणाला गरज उरली नाही, असाच त्याचा अर्थ.

मी स्टेशनवर जातोय. पासपोर्ट नाही, सरहद्दीवर बघू. ट्रकला वाटेत डिझेल लागतं, झोप लागते. मला यातलं काही लागत नाही. आधी ओशला उतरेन, बाईंच्या पाया पडेन. त्या सांगतील का? मी त्यांच्या जागी असतो तर मला सांगितलं नसतं.

हे पत्र लिहिलं खरं, पण पाकिटावर काय लिहू? तू कुठे आहेस ते आता त्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त मला नाही.

तुझा आके,
एलामान